ईशापूर, खडकी आणि थ्री नॉट थ्री

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. तोपर्यंत शाळेचा इतिहास, गावाचा इतिहास, गॅदरिंगचा इतिहास असे विषय वाटून झाले होते. म्हणून मी एका वस्तूचा इतिहास लिहायचं ठरवलं. वस्तू आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. बँकेच्या दारात बसलेल्या रखवालदारापासून ते पंधरा ऑगस्टच्या संचलनापर्यंत आपण ती पाहत मोठे झालो. आठवी-नववीत ज्यांनी एनसीसी घेतली होती, त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि ‘बाजू शस्त्र’, ‘सलामी शस्त्र’ करताना तिचं वजनही अनुभवलं. तिचं नाव थ्री नॉट थ्री.

कवायतीसाठी मिळायची ती ‘डी. पी.’ रायफल, म्हणजे ड्रिल पर्पज. तिच्यातून गोळी सुटणार नाही अशी व्यवस्था केलेली असे. वर्षातून एकदा होणाऱ्या चांदमारीला आपल्या हाती दिली जायची ती पॉइंट टू टू, थ्री नॉट थ्रीची धाकटी बहीण. ठेवण तीच, पण काडतूस करंगळीच्या पेराएवढं. खरी थ्री नॉट थ्री चालवण्याची संधी मला पुढे खूप वर्षांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिळाली. ऑफिसातला माझा एक सहकारी जुन्या लष्करी रायफली जमवतो. सैन्याने मोडीत काढून विकलेल्या रायफली विकत घ्यायच्या, त्यांच्यावरच्या खुणा वाचून त्यांचा प्रवास शोधायचा आणि महिन्यातून एखाद्या रविवारी रेंजवर नेऊन त्या चालवायच्या, हा तिथे हजारो लोकांचा छंद आहे. क्रिकेटची जुनी स्कोअरबुकं जमवणाऱ्या माणसाइतक्याच तन्मयतेने ही मंडळी त्यात रमतात. ‘तुझ्या देशातली एक माझ्याकडे आहे,’ असं म्हणून त्याने मला एक रायफल दाखवली. दस्त्याच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर मुकुटाची खूण, त्याखाली ‘जी. आर. आय.’ ही अक्षरं, खाली ‘ईशापूर’ आणि साल १९४३.

‘जी. आर. आय.’ म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. ‘आय’ हे अक्षर इंपरेटर या लॅटिन शब्दाचं, आणि ते सम्राटपद होतं आपल्या देशाचं. हिंदुस्थान वगळला तर तो नुसता राजा. एका इंचाच्या शिक्क्यात एवढा इतिहास होता. मी तिथूनच या रायफलीच्या मागे लागले.

सुरुवात एका स्कॉटिश घड्याळजीच्या मुलापासून करावी लागते. जेम्स पॅरिस ली याचा जन्म १८३१ साली स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी झाला. घरचे लोक कॅनडात गेले, पुढे तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झाला. त्या काळी सैनिकाला प्रत्येक गोळी हाताने एकेक भरावी लागे. लीने १८७९ मध्ये एका साध्या कल्पनेचं पेटंट घेतलं : बोल्टच्या खाली एक पत्र्याची पेटी लावायची, तिच्यात स्प्रिंगवर काडतुसं एकावर एक रचायची. बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर, पुढे ढकलला की नवं काडतूस आत. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक लष्करी बंदुकीला जी पेटी असते, तिची ही आजी.

ब्रिटिश सैन्याने ही रचना १८८८ मध्ये स्वीकारली आणि तिला विल्यम मेटफर्डने आखलेली नळी जोडली. नळीच्या आतल्या बाजूला जे पिळदार आटे असतात, त्यांच्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सुटते आणि सरळ जाते. मेटफर्डचे आटे उथळ होते, कारण ते काळ्या दारूसाठी आखलेले होते. काळ्या दारूची काजळी त्यात साचून राहत नसे. पण लवकरच कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. ती इतकी गरम जळायची, की ते उथळ आटे झिजून जाऊ लागले. मग लंडनच्या उत्तरेला एनफील्ड इथल्या सरकारी कारखान्याने खोल, चौकोनी कडांचे पाच आटे आखले. लीची पेटी आणि एनफील्डचे आटे मिळून १८९५ साली झाली ली-एनफील्ड. नळीचा व्यास इंचाच्या हजार भागांपैकी ३०३ भाग, म्हणून थ्री नॉट थ्री. आपल्या मापात ७.७ मिलिमीटर.

बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, दक्षिण आफ्रिकेच्या शेतकऱ्यांनी ब्रिटिशांना चांगलाच धडा शिकवला. त्यांच्या जर्मन माउझर रायफलीत पाच गोळ्या एका पट्टीवर लावून एका दाबात भरता येत. ब्रिटिश सैनिक मात्र एकेक गोळी पेटीत घालत बसे. त्या अनुभवातून १९०३ साली आखूड ली-एनफील्ड आली आणि १९०७ मध्ये तिचा ‘मार्क ३’ हा नमुना पक्का झाला. पायदळाला लांब आणि घोडदळाला आखूड अशा दोन रायफली बनवण्याऐवजी दोघांना एकच. लांबी ११३ सेंटिमीटर, वजन साधारण चार किलो, पेटीत दहा गोळ्या. शिकलेल्या सैनिकाने मिनिटाला १५ नेमके बार काढावेत अशी अपेक्षा असे. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधल्या मॉन्स इथे या वेगामुळे जर्मनांना समोर मशीनगनच आहेत असं वाटलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, वेग खरा आहे. बोल्ट वर उचलण्याचा कोन लहान, त्याची मूठ थेट चापाच्या वर. त्यामुळे हात फार हलवावा लागत नाही. मी चालवली तेव्हा पहिल्या पाच गोळ्यांनंतर हात आपोआप त्या लयीत पडला.

ही रायफल भरण्याचीही एक रीत आहे. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पेटीत भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे, नाहीतर बोल्ट पुढे जाताना दोन काडतुसं एकमेकांत अडकतात. खालचं सोडल्याशिवाय वरचं निघत नाही आणि लढाईत तेवढा वेळ नसतो. अशी कड असलेली काडतुसं त्या काळीच जुनी होत चालली होती. पण साम्राज्यभर पसरलेला साठा, यंत्रं आणि मशीनगन बदलणं परवडणारं नव्हतं. एकदा घेतलेला निर्णय पुढची साठ वर्षं निस्तरावा लागतो, हे माझ्या व्यवसायातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता ईशापूरकडे वळू. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी हे गाव आहे. तिथे कंपनी सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. त्याच जागी १९०४ साली रायफल कारखाना उभा राहिला. तिथून अगदी जवळ बराकपूरची छावणी आहे. २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे याच छावणीत उभा राहिला होता, आणि ठिणगी पडली होती एनफील्ड रायफलीच्याच काडतुसांवरून. ती एनफील्ड वेगळी, १८५३ च्या नमुन्याची, पुढून ठासायची. तिचं चरबी लावलेलं कागदी काडतूस दातांनी तोडावं लागे. त्या उठावाचा धसका ब्रिटिशांनी पुढे नव्वद वर्षं सोडला नाही. देशी पलटणींकडे गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची शस्त्रं ठेवायची, हे धोरण त्यातूनच आलं. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातची बंदूक परवान्याखाली गेली.

या धोरणाची सर्वात बोलकी वस्तू याच ईशापुरात तयार होत असे. तिला म्हणतात पॉइंट फोर वन झिरो मस्केट. बाहेरून हुबेहूब थ्री नॉट थ्री. पण नळीतले आटे कापून ती गुळगुळीत केलेली आणि पेटीत लाकडाचा ठोकळा बसवून ती एकच गोळीची केलेली. ही देशी पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी. तिचा पल्ला कमी, आणि उद्या हे शिपाई उलटले किंवा बंदूक कोणी पळवली, तरी लष्कराचं काडतूस तिच्यात चालू नये असं तिचं माप. अमेरिकेतल्या संग्राहकांना ही मस्केट एक गमतीदार प्रकार वाटते. माझ्या सहकाऱ्याकडेही एक आहे. ‘चांगली रायफल कोणी मुद्दाम बिघडवून का बनवेल?’ असं त्याने मला विचारलं. मी त्याला १८५७ सांगितलं. एखादं यंत्र मुद्दाम अधू करायचं, कारण ते ज्याच्या हातात द्यायचं त्याच्यावर विश्वास नाही. वसाहतवादाची याहून सोपी व्याख्या मला पाठ्यपुस्तकात मिळाली नव्हती.

कोलकात्याच्याच परिसरातल्या आणखी एका गावाचं नाव या रायफलीमुळे जगभर गेलं. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रार आली, की थ्री नॉट थ्रीची गोळी पठाणाच्या अंगातून आरपार जाते आणि तो तरीही चालून येतो. तेव्हा डमडम इथल्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीचं टोक उघडं ठेवलं, म्हणजे शरीरात शिरताच ती फुलावी. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव झाला. जगातल्या अनेक भाषांत आजही ‘डमडम गोळी’ हा शब्द आहे. ज्या डमडमला आपण विमानतळ म्हणून ओळखतो, तेच हे.

मग आलं महायुद्ध. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौजा फ्रान्समध्ये मार्सेलिस बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांना आपल्या रायफली तिथेच जमा करून नव्या घ्याव्या लागल्या, कारण युरोपातल्या सैन्याचं नवं टोकदार गोळीचं काडतूस त्यांच्या जुन्या रायफलींना लागू नव्हतं. अनोळखी देश, अनोळखी थंडी आणि हातात अनोळखी रायफल; काही आठवड्यांतच ते खंदकांत होते. दुसरीकडे मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन गेली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा इथे त्यांना तुर्कांनी वेढलं. अन्न संपत गेलं, घोडे मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. कैदेच्या वाटेवर आणि छावण्यांत त्यातली हजारो मेली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी भागातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर एक लहान संगमरवरी पाटी असते : या गावातून महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके कामी आले. बहुतेक पाट्यांवर नुसता आकडा असतो, नावं नसतात.

आकड्यांवरून एक हिशेब सांगते. १३ एप्रिल १९१९, अमृतसर, जालियनवाला बाग. जनरल डायरने बरोबर नेलेल्या शिपायांपैकी रायफली असलेले ५० होते. रायफली ली-एनफील्ड. गोळीबार सुमारे १० मिनिटं चालला. १६५० गोळ्या सुटल्या. भागाकार केला तर माणशी ३३ गोळ्या, म्हणजे मिनिटाला तीनच्या थोडं वर. आता याच रायफलीची अपेक्षित गती आठवा : मिनिटाला १५. घाबरलेल्या, बिथरलेल्या तुकडीचा गोळीबार असा नसतो. हा सावकाश, नेम धरून, हुकमाप्रमाणे केलेला गोळीबार आहे. प्रत्येकाने सरासरी तीन वेळा थांबून पेटी पुन्हा भरली आहे. जिथे गर्दी दाट तिथे गोळीबार वळवत गेलो, आणि दारूगोळा संपत आला तेव्हा थांबलो, हे डायरने हंटर समितीपुढे स्वतःच सांगितलं. सरकारी आकडा ३७९ मृतांचा; काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात सांगितला. आपण नववीत हा प्रसंग शिकलो तेव्हा डोळे भरून आले होते. पण तो भागाकार मी केला रेंजवरून घरी आल्यावर, बोल्ट मागे-पुढे करायला किती सेकंद लागतात हे हाताला कळल्यावर. त्यानंतर मला त्या दहा मिनिटांची लांबी वेगळीच वाटू लागली.

आणि रायफल धरणारेही आपलेच होते. गुरखे, शीख, बलुची पलटणींचे शिपाई. हे विसरून या रायफलीचा इतिहास सांगता येत नाही.

शस्त्र हाती आलं तरी ते चालेलच असं नाही, याचा धडा १८ एप्रिल १९३० ला चितगावात मिळाला. सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रागारावर छापा घातला. बंदुका मिळाल्या, पण काडतुसं वेगळ्या जागी ठेवलेली होती, ती सापडली नाहीत. एका रात्रीचं धाडस एका कुलुपाने अडवलं. पुढच्या डोंगरातल्या लढाईत बरीच तरुण मुलं गेली.

१९४७ नंतर ईशापूर आपलं झालं. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. रायफल तीच राहिली. १९६२ मध्ये नेफाच्या बर्फात आपले जवान हीच रायफल घेऊन उभे होते, आणि समोर चिन्यांच्या हातात स्वयंचलित शस्त्रं होती. त्या पराभवानंतर घाईने रायफली हव्या होत्या. तेव्हा ईशापूरच्या अभियंत्यांनी जे केलं, ते मला व्यवसायबंधू म्हणून फार आवडतं. नवी स्वयंचलित रायफल पुरेशा संख्येने यायला वेळ होता. म्हणून त्यांनी जुन्याच रचनेत अधिक मजबूत पोलाद वापरलं आणि ७.६२ मिलिमीटरच्या आधुनिक काडतुसासाठी नळी व पेटी नव्याने बनवली. पेटीत दहाऐवजी बारा गोळ्या. हिला ‘टू ए’ म्हणतात. त्यानंतर आलेल्या ‘टू ए वन’मध्ये मागच्या नेमाच्या पट्टीवरचे २००० पर्यंतचे आकडे काढून ८०० वर आणले. एवढ्या लांबवर कोणी नेम धरत नाही, हे साठ वर्षांनी मान्य झालं! विसाव्या शतकाच्या सुरुवातीची रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने बनवणारा आपला देश जवळजवळ एकटाच.

या रायफली अमेरिकेत कशा पोचल्या? दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपभर लष्करी साठे मोडीत निघाले. सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या व्यापाऱ्याने ते जहाजं भरभरून अमेरिकेत आणले. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात नदीकाठी त्याची गोदामं होती. टपालाने बंदूक मागवता येई. ली हार्वे ऑस्वाल्डने अशीच एक इटालियन लष्करी रायफल वीस-एकवीस डॉलरला टपालाने मागवली होती आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये तिनेच राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री आणि लष्करी मोडीची आयात बंद झाली. १९८० च्या दशकात संग्राहकांसाठी ५० वर्षांहून जुन्या रायफलींची दारं पुन्हा किलकिली झाली, तेव्हा इतर देशांबरोबर भारतातल्याही आल्या. शंभर डॉलरच्या आसपास ईशापूरची रायफल मिळत असे. आता त्या महाग आणि दुर्मीळ झाल्या आहेत.

या संग्राहकांकडून मी रायफल वाचायला शिकले. नळी, बोल्ट, नाकाडावरची टोपी, नेमाची पट्टी, सगळ्यांवर एकच क्रमांक असेल तर ती एकत्र जन्मलेली. बोल्टवर जुना क्रमांक खोडून नवा घातलेला दिसला तर ती कार्यशाळेत जाऊन आलेली. पुढच्या लाकडावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असेल तर तिच्यावरून हातगोळे उडवले जात. लाकडात आडवा घातलेला एक स्क्रू ही खास ईशापूरची खूण. लाकूड फाटू नये म्हणून. संग्राहक त्या स्क्रूला प्रेमाने ‘इशी स्क्रू’ म्हणतात. आयात करणाऱ्याचं नाव नळीवर ठोकलेलं असलं की किंमत उतरते. लाकडाला पॉलिश केलं तर जाणकार हळहळतात, कारण त्याबरोबर घामाचे आणि तेलाचे डागही जातात.

सहकाऱ्याच्या डब्यात जुनी काडतुसं होती. एकाच्या बुडावर दोन अक्षरं : के आणि एफ. त्याला इतकंच माहीत होतं, की ही भारतीय. मी म्हटलं, हे माझ्या ओळखीचं गाव आहे. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. १८६९ पासून चालू असलेला आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. पुण्याला जाताना शिवाजीनगरच्या आधी ज्या स्टेशनावरून गाडी जाते, ते खडकी. तिथल्या कामगाराच्या पाळीत भरलेलं काडतूस ओहायोतल्या एका तळघरात, कॉफीच्या डब्यात पडलेलं होतं.

ही जुनी काडतुसं चालवल्यावर एक काम टाळता येत नाही. त्यांच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नळीत उरतात. ते हवेतला ओलावा ओढतात आणि नळी एका रात्रीत गंजू लागते. तेलाने ते जात नाहीत. उपाय ब्रिटिश सैन्याचाच : नरसाळं लावून नळीतून उकळतं पाणी ओतायचं. आधणाची किटली घेऊन रायफलीला अंघोळ घालताना पाहून मला हसू आलं. पण मीठ पाण्यानेच जातं, हे कुठल्याही घरात माहीत असतं.

आपल्याकडे सामान्य माणसाला थ्री नॉट थ्री बाळगता येत नाही. लष्कराचं काडतूस चालेल अशी कोणतीही रायफल निषिद्ध मापाची. म्हणूनच आपल्या आयुध कारखान्यांनी नागरिकांसाठी पॉइंट थ्री वन फाइव्ह या वेगळ्या मापाच्या रायफली बनवल्या. नियम इंग्रजांचा, आपण तो पुढे चालवला. यावर अमेरिकन संग्राहक हळहळतात. मी हळहळत नाही. तिथल्या शाळांमध्ये बंदूकधारी शिरला तर काय करायचं याची कवायत लहान मुलांकडून करून घेतात, हे मी पाहिलं आहे. छंद निरुपद्रवी असला तरी वस्तू निरुपद्रवी नसते, हे माझ्या त्या सहकाऱ्यालाही मान्य आहे. त्याच्या सगळ्या रायफली तिजोरीत असतात आणि तिजोरीची किल्ली नातवंडांच्या हाती लागत नाही.

या रायफलीचं शेवटचं मोठं पान आपण सगळ्यांनी दूरदर्शन संचावर पाहिलं. २६ नोव्हेंबर २००८, छत्रपती शिवाजी टर्मिनस. दोन अतिरेक्यांच्या हातात एके-४७, आणि त्यांच्यासमोर आलेल्या पोलिसांपैकी अनेकांच्या हातात हीच रायफल किंवा नुसती लाठी. तरीही रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव यांनी एका सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या. त्या रात्री त्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसं गेली. ‘आपल्या पोलिसांच्या बंदुका चालतच नाहीत’ असं नंतर घरोघरी बोललं गेलं. मला ते वाक्य तेव्हाही खटकलं होतं, आज अधिक खटकतं. बंदूक चांगली होती. ती शंभर वर्षांपूर्वी एका वेगळ्या लढाईसाठी बनली होती, आणि वर्षातून मोजक्या गोळ्यांचा सराव मिळालेल्या हवालदाराला आपण ती देऊन उभं केलं होतं. मिनिटाला १५ नेमके बार हे रायफलीचं नव्हे, सरावाचं श्रेय असतं. दोष पोलादाचा नव्हता. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी या रायफलीला संचलन करून निरोप दिला. इतर दलांतूनही ती जात आहे.

ती जावी हे योग्यच. पण तिच्याबरोबर तिची माणसंही विस्मरणात जातात, ही माझी खंत आहे. ओहायोतल्या माणसाला रायफलीच्या प्रत्येक स्क्रूचा इतिहास माहीत आहे. ती १९४३ साली कोणाच्या खांद्यावर गेली हे कोणालाच माहीत नाही. संग्राहक वस्तू जपतो. माणूस जपायचं काम त्याच्या घरच्यांचं. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या पंजाबच्या गावांची हस्तलिखित रजिस्टरं शंभर वर्षं पडून होती. त्यातली सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची नावं ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२१ पासून संगणकावर आणायला सुरुवात केली, आणि लोकांना आपले खापरपणजोबा सापडू लागले.

आपल्या बॅचमध्ये सैनिकांची आणि पोलिसांची नातवंडं, मुलं, सुना आहेत. काही जण स्वतः त्या वर्दीत आहेत. तुमच्या घरच्या ट्रंकेत एखादं डिस्चार्ज बुक असेल, मेसोपोटेमियाची किंवा बर्माची एखादी पदकं असतील, पोलीस लाइनीत काढलेला रायफलीसह फोटो असेल. पदकाच्या कडेवर नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून पाहिली की वाचता येते. स्नेहसंमेलनाला येताना ते सोबत आणा. सभागृहाच्या व्हरांड्यात मी लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन दिवसभर बसणार आहे. कागद तिथल्या तिथे परत मिळेल. आणि गावातल्या त्या संगमरवरी पाटीचा फोटो काढता आला तर तोही आणा. पाटीवर फक्त आकडा असेल, तर त्या आकड्यातली जेवढी नावं अजून कुणा आजीला आठवतात, तेवढी कागदावर लिहून आणा.